उचल एक लाख, हंगामभर तोड, आणि बाकी पुन्हा एक लाख

आमच्या जत तालुक्यात आषाढ लागला की मुकादमांच्या, म्हणजे साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला मजूर गोळा करणाऱ्या ठेकेदारांच्या, मोटरसायकली गावोगाव फिरायला लागतात. यंदाही फिरायला लागल्यात. ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याच्या हातात हा माणूस रोख लाखभर रुपये आगाऊ ठेवतो, हीच उचल, त्यामुळं नको कोण म्हणणार? उचल घेऊ नका असं मी सांगणार नाही, सांगून उपयोगही नाही. आमच्या दादा-वहिनींना हिशेबात कसं बुडवलं, तेवढं वाचा आणि मग घ्या.

मुकादम ओळखीचा, लांबच्या नात्यातला. एका कोयत्याला एक लाख उचल ठरली. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. त्यानं दादाची सही कोऱ्या स्टँपवर घेतली, दोन कोरे चेक घेतले आणि दोघांची आधार कार्डं "कारखान्यावर नोंद करायची हाय" म्हणून ठेवून घेतली. कारखाने आणि ऊसतोड मजूर संघटनांच्या जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्या हिशेबानं टनाला ३६६ रुपये धरायचं तोंडी ठरलं. दिवाळी झाली की टोळी वाळवा तालुक्यात. दादा-वहिनी आणि पाचवीतलं पोरगं. शाळेचा दाखला गावातच राहिला, पोरगं फडात.

फडातले हाल सांगत बसत नाही, ज्यांनी केलेत त्यांना ठाऊक आहेत आणि बाकीच्यांना दर हंगामात रस्त्याकडंच्या कोप्या दिसतातच. खरी गोष्ट मार्चमध्ये सुरू झाली, मुकादमानं वही उघडली तेव्हा.

वहीतला हिशेब असा: दादाच्या कोयत्याची तोड २०५ टन, त्याचे ७५,०३० रुपये. त्यातून मुकादमाचं २० टक्के कमिशन वजा, १५,००६. वहिनी तापानं पडून होती त्या बारा दिवसांचे खाडे, दिवसाला हजार, म्हणजे १२,०००. आठवड्याच्या खर्चीचे, म्हणजे हंगामात घरखर्चाला दिलेल्या पैशांचे, १५,०००. उरले ३३,०२४. ते लाखातून गेले, बाकी ६६,९७६. आणि मग शेवटची ओळ, "बाकी पुढच्या सालाला दीडपट". म्हणजे १,००,४६४. दिवाळीपासून पहाटे चारला उठून ऊस तोडला आणि उचल होती त्याहून चारशे चौसष्ट रुपयांनी वाढली. वहीत बेरीज-वजाबाकी एकही चुकलेली नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

यातली खर्ची तेवढी खरी. कमिशन कारखाना मुकादमाला तोडणीच्या बिलावर वेगळं देतो, ते मजुराच्या मजुरीतून कापायचं नसतं. एकाच घामावर दोनदा कमिशन. खाड्याचं तर विचारूच नका. गैरहजर राहिला तर त्या दिवसाची मजुरी मिळत नाही, इथवर कायदा मान्य करतो. वर हजार रुपये दंड कुठल्याच कायद्यात बसत नाही. दंड लावायचाच झाला तरी मजुरीच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाही. आणि बाकी दीडपट करणं ही तर निव्वळ सावकारी.

राहिला टनाचा प्रश्न. इथं वहिनीनं जे केलं ते आमच्या घरात कुणाला सुचलं नसतं. ऊस काट्यावर गेला की वजनाची पावती निघते, ती ड्रायव्हरकडं जाते आणि तिथून गाडीमालकाकडं. तोडणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही, मुकादम तोंडानं सांगेल तो आकडा. ट्रॅक्टरवरचं पोरगं आमच्याच भागातलं होतं. वहिनी त्याला दशम्या द्यायची आणि म्हणायची, "बाबा, मला वाचाय येत न्हाई, पर पोराला येतंय. तेवढा फोटू धाड." त्यानं खेपेखेपेला फोटो धाडले. पावतीवर तारीख, गाडी नंबर, टोळीचा कोड, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, सगळं छापलेलं असतं. पोरगं रात्री कोपीत मोबाईलच्या उजेडात निव्वळ वजनाला कोयत्यांच्या संख्येनं भागायचं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं. त्याची बेरीज निघाली २४० टन. ३५ टन मधल्यामधे गायब!

म्हणजे खरा हिशेब ८७,८४० रुपये, त्यातून खर्ची वजा जाता ७२,८४०. बाकी २७,१६०. मुकादमाच्या वहीत लाखावर.

दादानं हे तोंडावर मांडलं तेव्हा मुकादमाचा सूर बदलला. "पाव्हणं, फोटूवर हिशेब हुतोय व्हय? बाकी फेडा न्हाईतर उन्हाळ्यात वीटभट्टीवर चला." वहिनीला दवाखान्यासाठी गावाकडं न्यायचं होतं, तर म्हणाला, जा, पोरगं आणि गाडी इथं राहू दे. दादाची जुनी मोटरसायकल कोपीमागं बांधावर उभी असायची. तिची चावी त्यानं आधीच काढून घेतली होती.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला. फोन आला तसा सुट्टी टाकून गेलो. पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, "पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." कारखान्याच्या शेतकी विभागात सांगितलं, "आमचा करार वाहतूकदाराशी, तुमच्या भावाचं नाव आमच्या कागदावर नाही." ही दोन उत्तरं तुम्हालाही मिळतील, मनाची तयारी ठेवा.

पण ही दिवाणी बाब नाही. उचलीच्या बाकीपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं, त्याला दुसरीकडं जाऊ न देणं, हे १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्यात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. त्या कायद्यानं असलं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायचं ओझं मजुरावर नसून उचल देणाऱ्यावर असतं. सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात आणखी पुढं जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा संविधानाच्या २३ व्या कलमातली सक्तीची मजुरीच. १९८४ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात म्हटलं, सक्तीनं काम करून घेतलं जातंय असं दिसलं तर त्यामागं उचल आहे असंच गृहीत धरायचं. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यापासून आमच्याकडचे मुकादम "जुनं कायदं ग्येलं" असं बिनधास्त ठोकून देतात. १९७६ चा कायदा त्यात गेलेला नाही, तो आहे तसाच आहे.

एका ठिकाणी मात्र कायदा आमच्या हातात येत नाही. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा जो वेगळा कायदा होता, ज्यात प्रवासभत्ता आणि फोटो लावलेलं पासबुक मिळायचं, तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. आता तो नव्या संहितेत गेलाय, अट तीच. जतचा माणूस कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला तर तो स्थलांतरित, शंभरावर किलोमीटर लांब वाळव्यात गेला तर नाही, कारण राज्यच काय, जिल्हाही एकच. दुष्काळ वेगळा असला तरी.

आम्ही शेवटी १५१०० या विधी सेवेच्या फुकट नंबरवर फोन केला. बाईमाणसाला आणि वेठबिगारीत अडकलेल्याला, उत्पन्न न बघता, वकील मोफत मिळतो. वकीलबाईंनी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं करायला लावला, कारण वेठबिगारीतून मुक्तीचा दाखला तिथूनच मिळतो आणि तो मिळाला तर ३० हजारांपर्यंत तातडीची मदतही बसते. त्यांनी "फसवणूक" हा शब्द खोडला आणि "पोराला ओलीस ठेवतो म्हणाला, आधार काढून घेतलं, चावी काढून घेतली" हे तारखांसकट वर घेतलं. अर्जाची पोच मुकादमाला व्हॉट्सॲपवर गेली आणि त्याच संध्याकाळी चावी परत आली. आधार दोन दिवसांनी, कुणाच्या तरी हातून. दाखल्याची चौकशी अजून चालू आहे.

चेक मात्र परत आले नाहीत. एकावर लाखाचा आकडा टाकून त्यानं तो बँकेत लावला, तो न वटता परत आला आणि आम्हाला नोटीस आली. अशी नोटीस आली तर घाबरून पैसे भरू नका आणि पाकीट नाकारूही नका. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस असतात, त्यात वकिलाकडून लेखी उत्तर गेलं पाहिजे. चेकचा खटला टिकायला कर्ज कायद्यानं वसूल होण्याजोगं असावं लागतं. आमचं उत्तर त्याच मुद्द्यावर आणि पावत्यांच्या फोटोंवर उभं आहे.

उचल घेणारच असाल तर निदान कोरा चेक देऊ नका. द्यावाच लागला तर आकडा तुमच्या हातानं घाला आणि फोटो काढून ठेवा. आधारची झेरॉक्स द्या, कार्ड नको. खर्ची घ्याल ती शक्यतो खात्यावर घ्या. पावतीचे फोटो जमवाल तेव्हा ते पुढं पाठवताना ड्रायव्हरचं नाव-नंबर झाका. आमच्या त्या पोराला मालकानं हंगाम संपायच्या आतच कामावरून काढलं.