लग्नपत्रिका म्हणून एपीके आली आणि १,८३,६९८ रुपये गेले

१,८३,६९८ रुपये. आकडा पूर्ण लिहितोय कारण सोसायटीत कोणी पाच लाख म्हणतंय, कोणी म्हणतंय वीस-पंचवीस हजार असतील, आणि सगळ्यांचं पुढचं वाक्य मात्र एकच, तुम्ही तर कॉम्प्युटरवाले, तुम्ही कसे फसलात? पैसे गेल्याइतकाच त्रास या प्रश्नाचा होतोय म्हणून सविस्तर लिहितो.

लालबागला माझं डीटीपीचं दुकान होतं, नंतर तिथेच कॉम्प्युटर क्लास काढला. १९९२ साली मायकेलअँजेलो व्हायरसची बोंब झाली होती, ६ मार्चला हार्ड डिस्क उडणार म्हणून लोक मशीनची तारीखच पुढे ढकलून ठेवायचे, ते मी बघितलंय. २६ एप्रिल १९९९ ला चेर्नोबिल व्हायरसने बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, पुसला तेव्हा बंद पडलेले सीपीयू उचलून लोक माझ्याकडे आले होते. पोरांना शिकवायचो की पीसीवरचा पहिला व्हायरस १९८६ चा, ब्रेन, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला, आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं टाकलं होतं. म्हणजे मला यातलं काही कळत नाही असं कोणी म्हणू नये.

स्कीम तुम्हाला माहीतच असेल. व्हॉट्सॲपवर पत्रिका, चलान नाहीतर केवायसी म्हणून फाइल येते, ती उघडली की फोनमध्ये चोरांचं ॲप बसतं आणि खातं रिकामं होतं. सगळे सांगतात "अनोळखी नंबरवरून आलेलं उघडू नका". अरे पण अनोळखी नंबर नव्हताच ना! वीस वर्षांपूर्वी क्लासमध्ये माझा पार्टनर होता त्याच्या नंबरवरून आली, त्याच्या डीपीसकट, आणि त्याच्या मुलीचं लग्न खरंच ठरलेलं आहे, साखरपुड्याला आम्ही दोघं जाऊन आलोय. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता आणि त्याच्या सगळ्या कॉन्टॅक्टना ती फाइल आपोआप जात होती, हे त्याला स्वतःला दुसऱ्या दिवशी कळलं. अशा माणसाकडून आलेली पत्रिका मी उघडायची नाही तर काय करायचं?

ही युक्ती नवीन नाही हे डोक्यात घ्या. ४ मे २००० ला आयलव्हयू व्हायरस सुटला तो असाच, ओळखीच्या माणसाच्या ईमेलवरून, त्याच्या ॲड्रेसबुकातल्या प्रत्येकाला. फाइलचं नाव होतं लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस, विंडोज शेवटचं व्हीबीएस दाखवायचं नाही, त्यामुळे साधी टेक्स्ट फाइल वाटायची. त्याच्याही आधी १९८९ मध्ये एड्सची माहिती म्हणून जवळपास वीस हजार फ्लॉप्या पोस्टाने पाठवल्या होत्या, त्या मिळालेल्यांत एड्सच्या परिषदेला गेलेले लोकसुद्धा होते. मशीन ठरावीक वेळा चालू झालं की फाइलींची नावं गायब आणि पनामाच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा असा निरोप. डॉक्टर-संशोधक लोकांनी त्या फ्लॉप्या स्वतःच्या हाताने मशीनमध्ये घातल्या. ते काय अडाणी होते?

आता तो क्षण, जो अजून रात्री झोपू देत नाही. पत्रिका पीडीएफ असो की फोटो, व्हॉट्सॲपवर तिचं छोटं चित्र आधी दिसतं, वर गणपती, खाली वधूवरांची नावं. इथे चित्र नव्हतं. करड्या चौकोनात नुसतं कागदाचं चिन्ह, लग्नपत्रिका असं नाव, खाली बारीक अक्षरात ५.८ एमबी आणि एपीके. एपीके! म्हणजे ॲप. पत्रिका ॲप कशाला असेल? २००० साली मीच पोरांना ओरडून सांगायचो की नाव बघू नका, टिंबानंतरची शेवटची तीन अक्षरं बघा. ती तीन अक्षरं माझ्या डोळ्यासमोर होती. पण हॉलमध्ये पाहुणे, चष्मा टेबलावर, आणि वर नाव पार्टनरचं. फोनने विचारलं अज्ञात स्रोताला परवानगी द्यायची का, तर आजकाल प्रत्येक ॲप दहा परवानग्या मागतं, बँकेचं ॲपसुद्धा लोकेशन आणि कॉन्टॅक्ट मागतं, माणसाला सवय कोणी लावली? मग एसएमएसची परवानगी, मग ॲक्सेसिबिलिटी. गोल चक्र फिरलं, पत्रिका उघडलीच नाही आणि ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं झालं. मला वाटलं नेट स्लो आहे.

ॲक्सेसिबिलिटी म्हणजे काय हे प्रत्येकाने समजून घ्या. दृष्टी नसलेल्यांना फोन वापरता यावा म्हणून ती सोय आहे, ती दिली की समोरचा तुमची स्क्रीन वाचतो आणि तुमच्या वतीने बटणं दाबतो. संध्याकाळी मी बँकेच्या ॲपमधून लाइटबिल भरलं, तेव्हा पिन टाकला तो त्यांनी बघितला. ओटीपी एसएमएसमधून परस्पर गेला. मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही, कोणाचा फोन आला नाही, कुठली लिंक उघडली नाही. हे तीनतीनदा सांगूनही बँकेत कोणाला पटत नाही.

रात्री ११:३४ ला ४९,९९९, ११:३६ ला परत ४९,९९९, ११:४१ ला ९,५००. माझ्या फोनवर एकही मेसेज दिसला नाही, ते ॲप लपवत होतं. जॉइंट अकाउंट म्हणून बायकोच्या नंबरवर आले आणि ती जागी होती म्हणून कळलं. ११:४८ ला तिच्या फोनवरून कस्टमर केअरला लावला. डेबिट कार्डसाठी एक दाबा, क्रेडिट कार्डसाठी दोन दाबा, माणूस येईपर्यंत जीव जातो. शेवटी एक मुलगी आली, तिला म्हटलं सगळं बंद करा, नेटबँकिंग, यूपीआय, सगळं. ती म्हणाली "हो सर, ब्लॉक केलंय". तिने फक्त कार्ड ब्लॉक केलं. १२:२० ला माझी ७५,००० ची एफडी ऑनलाइन मोडली गेली आणि १२:२३ ला त्यातले ७४,२०० गेले. तक्रार केल्यानंतर! मी फोनवर सांगितल्यानंतर!

यावरून खरं भांडण चालू आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचा, त्यात स्पष्ट आहे की ग्राहकाने कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. मी प्रिंट काढून मॅनेजरसमोर ठेवली. त्याने वाचलीसुद्धा नाही, म्हणे ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेलाय, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय, हेड ऑफिसला मेल करा. हेड ऑफिस म्हणतं होम ब्रँचला भेटा. माझ्या कॉलची तक्रार क्रमांकासकट नोंद द्या म्हटलं तर म्हणे एसएमएस केलाय. तो एसएमएस माझ्या त्याच फोनवर, ज्याचे मेसेज चोर वाचत होते! बायकोच्या फोनमध्ये कॉल लॉग आहे, ११:४८, १४ मिनिटं, तो आता माझा एकमेव पुरावा.

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लगेच लावा असं सगळीकडे लिहिलंय. लागला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, त्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि तक्रार टाकली, तेवढ्यामुळे परराज्यातल्या एका खात्यात २१,३५० अडकून पडलेत. माझेच पैसे, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश हवा असं मला सांगितलं. कोर्टासाठी एफआयआर हवा. पोलीस स्टेशनला गेलं की म्हणतात ऑनलाइन तक्रार झालीय ना, मग थांबा. आयटी ॲक्टच्या कलम ७८ प्रमाणे तपास इन्स्पेक्टर दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, म्हणून साहेब आले की बघू, आणि साहेब कायम बंदोबस्ताला. एक हवालदार तर बाकड्यावरच्या चार लोकांसमोर म्हणाला, "काका, वाचता येत नाही तर स्मार्टफोन कशाला वापरता?" आयलव्हयू लिहिणारा पोरगा फिलिपिन्समध्ये सापडला होता, तिथे तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता म्हणून सुटला. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २००० पासून हा आयटी ॲक्ट आहे, २००९ पासून त्यात ओळखचोरीचं कलम ६६ क आहे, तोतयेगिरी करून फसवण्याचं ६६ ड आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ते कलम कागदावर उतरवायला माणूस नाही. २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सायबर हल्ल्यात ९४ कोटी गेले तेव्हा एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, बसली. बसायलाच हवी होती, पण माझ्या १,८३,६९८ साठी निदान एक एफआयआर तरी लिहा की.

तर मंडळी, असं काही झालं तर फोन हातात घेतल्या घेतल्या फ्लाइट मोड, आणि सगळे कॉल दुसऱ्याच्या फोनवरून. बँकेला नुसतं कार्ड नाही, "नेटबँकिंग, यूपीआय आणि एफडी" असे शब्द उच्चारून बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक तोंडी मागून कागदावर लिहा. एफडी ऑनलाइन मोडायची सोय आजच ब्रँचमध्ये जाऊन काढून टाकता येते का विचारा. पत्रिका एपीके असूच शकत नाही, ज्याने पाठवली त्याला फोन करा, मेसेज नको, मेसेजला उत्तर चोरच देतो. आईवडिलांच्या फोनमध्ये सेटिंगला जाऊन अज्ञात ॲपची परवानगी व्हॉट्सॲपला दिलेली असेल तर बंद करा. फोन फॉरमॅट करायची घाई करू नका, आधी स्क्रीनशॉट आणि ती फाइल पुराव्याला ठेवा, मला दुकानातल्या पोराने फॉरमॅट करून दिला आणि आता पोलीस विचारतात फाइल कुठाय.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, वकील लागत नाही. माझे तीस दिवस येत्या सोमवारी पूर्ण होतायत. ७४,२०० चा मुद्दा मी वेगळा मांडणार आहे, कारण ते कळवल्यानंतर गेलेत आणि ते सोडायचे नाहीत. तुमच्यापैकी कोणाचे असे तक्रारीनंतर गेलेले पैसे बँकेने परत केले असतील तर अर्ज कसा लिहिला होता ते सांगा.