टपावरचं ऑनिंग घेताना होणारी फसवणूक : आकडा खरा, वस्तू दुसरीच

गाडीच्या टपाला बाजूने बसवायचं ऑनिंग, म्हणजे मुक्कामी उघडून सावली धरायचं गुंडाळी कापडी छत, विकताना जे फसवतात, ते धडधडीत खोटं क्वचितच बोलतात. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा खरा निघतो, फक्त तो भलत्याच गोष्टीचा असतो. ठळक छापलेले जीएसएम (कापडाच्या वजनाचा आकडा) छताच्या कापडाचे नसतात, गुंडाळी ठेवायच्या पीव्हीसी पिशवीचे असतात. 'ताशी १०० किलोमीटरचा वारा सोसतं' हे गुंडाळून पिशवीत बंद केलेल्या ऑनिंगबद्दल असू शकतं, तेही गाडी धावत असतानाचं. पहिल्या वादळी पावसात छत फाटलं की गिऱ्हाईक भांडायला जातं आणि विक्रेता तीच जाहिरात शांतपणे पुढे करतो. त्यात चुकीचं काहीच छापलेलं नसतं.

कापडात हा प्रकार सर्वांत जास्त चालतो, कारण कापड नुसत्या डोळ्यांना कळत नाही. डेनिअर आणि जीएसएम हे आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तो धाग्याची जाडी सांगतो, वीण किती घट्ट आहे हे सांगत नाही. ६०० डेनिअरचा धागा विरळ विणला, तर ४२० डेनिअरचं दाट विणलेलं कापड त्याला सहज मागे टाकतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पण त्यात पाणी अडवणाऱ्या आतल्या लेपाचं वजन धरलंय की नाही, हे आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. म्हणून प्रश्न नेमका विचारायचा: हा आकडा छताच्या कापडाचा की पिशवीचा, लेपासकट की लेप सोडून? उत्तर लेखी घ्यायचं. फोनवर दिलेलं उत्तर तक्रारीच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

पडताळा घरच्या घरी घेता येतो. २० बाय २० सेंटिमीटरचा नमुन्याचा तुकडा मागवा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि आलेल्या वजनाला २५ ने गुणा. २८० जीएसएमच्या कापडाचा तुकडा ११.२ ग्रॅम भरला पाहिजे. तो ७ ग्रॅम भरला, तर हातात १७५ जीएसएम आहे, तेही लेप धरून. 'रिपस्टॉप' म्हणून विकलेल्या कापडात ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो. नख फिरवलं की त्याच्या चौकटी हाताला लागतात आणि कडेला चीर देऊन फाडायला गेलं की चीर त्या धाग्यापाशी अडखळते. नुसत्या छापलेल्या चौकटी उलट्या बाजूला दिसत नाहीत. पॉलिकॉटन कॅनव्हास म्हणून पॉलिएस्टर गळ्यात मारलं जातं, त्यासाठी दोन-चार धागे उपसून जाळायचे. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, तर सुती धागा कागद जळल्यासारखा वास देत राख होतो. पॉलिकॉटनमध्ये दोन्ही खुणा दिसतात.

'वॉटरप्रूफ ३,००० मिलिमीटर' हाही असाच आकडा. ताणून धरलेल्या कापडावर पाण्याचा स्तंभ चढवत नेतात आणि किती उंचीला पाणी आरपार येतं ते मोजतात. मोजलेलं असतं नवं, सपाट, बिनशिवणीचं कापड. पाणी मात्र शिवणीतूनच येतं. सुईच्या प्रत्येक छिद्रावर आतून टेप बसवलेली नसेल, तर कापडाचा आकडा कितीही मोठा असला तरी शिवणीखाली टपटप सुरू होते. शिवणींची टेप सलग आहे का, आणि विशेषतः कोपऱ्यात जिथे तीन-चार थर एकावर एक येतात तिथे ती पोचली आहे का, हे बोट फिरवून पाहावं. स्वस्त मालात टेप नेमकी तिथेच संपते.

गळतीच्या तक्रारीवर एक उत्तर हमखास मिळतं: 'नवीन आहे, दोन पाऊस खाल्ले की छिद्रं बुजतील.' हे खरं आहे, पण सुती धाग्याने शिवलेल्या कॅनव्हासबद्दल. सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि सुईचं छिद्र भरतो, म्हणून नवा कॅनव्हास भिजवून पूर्ण वाळवण्याचे एक-दोन फेरे वापरण्याआधी द्यावेच लागतात. पॉलिएस्टर कापड आणि पॉलिएस्टर धागा फुगत नाही. ते छिद्र पहिल्या पावसात जेवढं असतं तेवढंच पुढेही राहतं. हे उत्तर दिलं जातं ते माल परत करायची मुदत उलटावी म्हणून. दुसरं ठरलेलं उत्तर 'तो आतला दमटपणा आहे.' बाष्प साचलं तर छताच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखं पसरतं. थेंबांची रांग शिवणीच्या रेषेत असेल तर ती गळतीच.

आता वारा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोर आडव्या आलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ६ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरला सुमारे २५ किलो. २ बाय २.५ मीटरचं छत ५ चौरस मीटरचं. सपाट ताणलेलं असताना त्याला वाऱ्याचा मार कमी बसतो, पण बाहेरची कड एकदा उचलली गेली की तेच कापड शीड होतं आणि जोराच्या झोतात शंभर किलोच्या वर ओढ टपावरच्या दोन ब्रॅकेटवर येते. मोठ्या झोतात उघडं राहील असं टपावरचं ऑनिंग नसतंच. ते मिटायचंच असतं. 'खांब नको, दोर नको, आपोआप उभं राहतं' असं सांगून विकलेलं पंख्याच्या आकाराचं ऑनिंग बिनवाऱ्याच्या दिवशी खरोखर उभं राहतं, आणि दाखवताना दिवस तसाच निवडलेला असतो. अशा ऑनिंगच्या पिशवीत खांब आणि ताणदोर येतात का, ते विचारावं. ते 'वेगळे घ्यावे लागतील' असं उत्तर आलं, तर उरलेल्या गोष्टीही तशाच आहेत असं समजावं.

पावसाचा हिशोब वाऱ्याहून सोपा आणि जास्त घातक. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. कापडाला एक मीटर रुंद आणि मधोमध १५ सेंटिमीटर खोल झोळ पडला की त्यात जवळजवळ ६० लिटर पाणी, म्हणजे ६० किलो वजन, मावतं. त्या वजनाने झोळ आणखी खोल होतो, आणखी पाणी धरतो आणि शेवटी दांडी वाकते. उपाय फुकटचा आहे: बाहेरचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली ठेवायचा, म्हणजे पाणी एकाच बाजूने निथळतं. पण एकात एक सरकणारे, पिळून आवळायचे खांब ओले झाले की घसरतात, आणि मुद्दाम दिलेला उतार आपोआप बिघडतो. खटक्याचं कुलूप असलेले खांब घ्यावेत. दुकानात खांब अर्धा उघडून, आवळून, त्यावर दोन्ही हातांनी भार द्यावा. तिथे घसरला तर पावसात घसरणारच.

ब्रॅकेटकडे सहसा कोणी बघत नाही, आणि विक्रेत्याचा खर्च तिथेच वाचतो. ऑनिंगच्या मागे ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या खाचेत बोल्टची डोकी सरकवून ब्रॅकेट बसतात. पट्टी पातळ असेल तर खाचेच्या कडा धक्क्यांनी उघडतात आणि बोल्ट ओढून बाहेर येतो. मग तो बदलून उपयोग नसतो, पट्टीच गेलेली असते. 'स्टेनलेस' बोल्ट चुंबकाने तपासण्याचा सल्ला सगळे देतात, पण घडवताना ताणलेलं चांगलं स्टेनलेसही चुंबकाला थोडं ओढतं, तेव्हा त्यावरून भांडू नये. नायलॉनच्या कड्याचे नट दिलेत का ते बघावं, स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर टाकावा, नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पहिल्या शंभरएक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.

'तुमच्या टपाला ३०० किलोपर्यंत चालतं' हे वाक्यही भलत्याच गोष्टीचं असतं. तो भार उभ्या गाडीचा. धावत्या गाडीच्या टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते, ती पुष्कळ कमी असते आणि तिच्यात रॅकचं वजनही धरायचं असतं. पंख्याचं ऑनिंग वीस-पंचवीस किलोंचं असू शकतं आणि ते सगळं एकाच कडेला लटकतं.

पंख्याच्या ऑनिंगच्या क्षेत्रफळातही गंमत आहे. २ मीटरच्या चार दांड्या २७० अंशांत उघडतात म्हणून पाऊण वर्तुळाचा हिशोब लावून ९.४ चौरस मीटर सांगतात. पण दांड्यांच्या टोकांमध्ये कापड सरळ ताणलेलं असेल, तर मिळतात तीन त्रिकोण, म्हणजे ६ चौरस मीटर. शिवाय ही ऑनिंग डावी-उजवी वेगळी असतात. चुकीच्या बाजूचं पाठवून 'उलटं फिरवून लावा' सांगतात. तसं लावलं की कापडाची लेप दिलेली बाजू वर येते आणि पाण्याचा उतार गाडीकडे होतो.

माल आला की त्याच दिवशी खोका उघडतानाचं चित्रण करा, पिशवी सोडून फक्त कापड आणि सांगाडा तोला, आणि परतीची मुदत संपायच्या आत छत पूर्ण उघडून अर्धा तास नळीने पाणी मारा. शिवणींखाली कोरडा टिश्यू कागद फिरवला की गळती कुठली ते लगेच कळतं. दुकानात पाच मिनिटं पाणी शिंपडून दाखवतात, तेवढ्यात काहीच गळत नाही. फाटल्यावरच्या दाव्याला 'ताणदोर लावले नव्हते' हे उत्तर तयार असतं, म्हणून दोर-मेखांसह उभ्या ऑनिंगचा फोटो प्रत्येक मुक्कामी काढून ठेवलेला बरा. मिटताना वाऱ्याकडचा दोर शेवटी सोडायचा आणि पुढची दांडी एकाने धरूनच ठेवायची.

जुनं ऑनिंग घेत असाल तर ते उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. पॉलियुरेथेनचा लेप ओला गुंडाळून ठेवला की कुजतो: कापड चिकट लागतं, आंबूस वास येतो, टेप सोलून निघते आणि लेपाची पापडी हाताला येते. यावर नवा लेप धरत नाही. 'नुकतंच वाळवून नीट गुंडाळलंय, परत उघडायला नको' असं म्हणणाऱ्याच्या पिशवीत बहुतेकदा हेच असतं.