जिल्हा परिषद की अनुदानित संस्था? पसंतीक्रम लॉक करण्याआधी

पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, पसंतीक्रम भरायची मुदत जवळ आली की शिक्षकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: वर काय टाकू, जिल्हा परिषद की संस्था (शासनाच्या अनुदानावर खासगी शाळा चालवणारी)? उत्तरं देणारे बहुतेक जण पगारापासून सुरुवात करतात. मला तो या निवडीतला सर्वांत हलका मुद्दा वाटतो. तुमच्या कागदांवर सही कोणाची लागणार आणि पट घसरला तर तुम्हाला पाठवणार कुठे, या दोन प्रश्नांवर पुढची तीस वर्षं ठरतात.

तरी पगार आधी उरकून टाकू. पहिली तीन वर्षं दोन्हीकडे शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधन. जानेवारी 2023 पासून मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. सेवेत कायम झाल्यावर सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिकचं मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं, माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराचं 38,600 पासून. म्हणजे फरक पडतो तो पदामुळे, मालकामुळे नाही. मात्र जिल्हा परिषदेत सहावी ते आठवीच्या जागेवर लागलात म्हणून पदवीधर वेतनश्रेणी आपोआप मिळेल असं धरून चालू नका. ते दुखणं जुनं आहे. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी दोन्हीकडे आहे, आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाची वाट पाहणंही दोन्हीकडे आहे.

आता सहीचा मुद्दा. जिल्हा परिषदेत नेमणूक देणारी आणि पगार काढणारी यंत्रणा एकच. संस्थेत नेमणूक संस्था देते, पण पगार शासन देतं. या दोघांच्या मधे एक कागद असतो, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता. ती मिळाली तर शालार्थ आयडी (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक), आयडी मिळाला तर पगार. मान्यतेची फाइल एखाद्या त्रुटीपायी परत आली की शिक्षक वर्गावर शिकवतोय आणि खात्यात काहीच येत नाही, असे महिने जातात. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आल्यापासून कागद आणखी बारकाईने तपासले जातात. ते योग्यच आहे, पण त्याचा वेळ खऱ्या माणसालाही मोजावा लागतो. पोर्टलवरून, जाहिरातीनुसार झालेली निवड इथे तुमची ढाल असते. पोर्टल टाळून ‘आधी रुजू व्हा, मान्यता आम्ही बघतो’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

संस्थेचं नाव कितीही मोठं असो, पसंतीक्रमात ‘अनुदानित’ शब्दाच्या आधी काय लिहिलंय ते वाचा. शंभर टक्के अनुदानित आणि अंशतः अनुदानित यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वीस, चाळीस किंवा साठ टक्क्यांवरच्या शाळेत पगारही त्याच टप्प्याचा. पुढच्या टप्प्यासाठी आझाद मैदानावर बसलेले शिक्षक तुम्ही बातम्यांत पाहिले असतीलच.

नोकरीचं संरक्षण मात्र खासगी शाळेत वाटतं तितकं कच्चं नाही. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या 1977 च्या कायद्यानुसार कायम कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय काढता येत नाही. काढलंच तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. ही मुदत ‘संस्थाचालकांशी बोलून बघू’ म्हणण्यात निघून जाते. त्याच कायद्याखालच्या 1981 च्या नियमांनुसार संस्थेने सेवाज्येष्ठता यादी ठेवायची असते, ती सगळ्यांत फिरवायची असते आणि त्यावर सह्या घ्यायच्या असतात. मुलाखतीला गेलात की तिथल्या एखाद्या जुन्या शिक्षकाला विचारा: यादी शेवटची कधी फिरली? ‘कसली यादी?’ असं उत्तर आलं तर पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक पदांचं पुढे काय होणार याचा अंदाज बांधा. जिल्हा परिषदेची ज्येष्ठता यादी जिल्हाभर एकच असते. हरकतींची भांडणं तिथेही होतात, पण उघड्यावर.

बदलीत पारडं फिरतं. संस्थेची एकच शाळा असेल तर निवृत्तीपर्यंत तेच गाव, तोच वर्ग. अनेक शाळांच्या संस्थेत बदली त्याच संस्थेच्या शाळांत. जिल्हा परिषदेत बदल्या ऑनलाइन होतात. 2021 च्या धोरणात सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षं आणि त्याच शाळेत पाच वर्षं झाली की शिक्षक बदलीपात्र ठरतो, मग अवघड क्षेत्राची, म्हणजे दुर्गम, गैरसोयीच्या गावांची, पाळी येऊ शकते. दूरच्या जिल्ह्यात लागलात तर आंतरजिल्हा बदलीची वाट बघत संसाराचे दोन तुकडे होतात. नवरा-बायको दोघेही शिक्षक असतील तर हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार दोन्हीकडे आहे, कारण संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, दोघांनाही आधार क्रमांक पडताळलेल्या विद्यार्थ्यांच्या पटावरच मिळते. जिल्हा परिषदेचा अतिरिक्त शिक्षक जिल्ह्यातल्याच दुसऱ्या शाळेत जातो. मालक तोच राहतो. संस्थेच्या शिक्षकाचं समायोजन दुसऱ्याच संस्थेत होऊ शकतं, आणि ती संस्था रुजू करून घ्यायला खळखळ करते. शहरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेचा पट गेल्या तीन वर्षांत किती घसरला, हे पसंती देण्याआधी पाहून घ्याच.

संघटना दोन्हीकडे आहेत आणि मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी झालेल्या संपात सगळे एकत्र होते. एक फरक मात्र फारसं कुणी सांगत नाही. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेतल्या शिक्षकालाच मत आहे, प्राथमिक शिक्षकाला नाही, आणि जिल्हा परिषदेतली बहुतेक पदं प्राथमिकचीच असतात. त्यामुळे माध्यमिकवाल्यांचं गाऱ्हाणं सभागृहात मांडायला हक्काचे सात आमदार आहेत.

राहिली पेन्शन. आता लागणाऱ्याला जुनी पेन्शन कुठेच नाही. ती 1 नोव्हेंबर 2005 ला बंद झाली. दोन्हीकडे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), दर महिन्याला पगाराचे तुमचे 10 टक्के आणि शासनाचे 14. निवृत्तीला किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी, म्हणजे नियमित पेन्शन देणारी विमा योजना, घ्यावी लागते. 2024 मध्ये राज्याने सुधारित योजनेचा पर्याय आणला: 20 वर्षं सेवा झाली तर अखेरच्या वेतनाच्या 50 टक्के पेन्शन आणि त्यावर महागाई वाढ, पश्चात कुटुंबाला त्या पेन्शनच्या 60 टक्के. त्याच्या अर्जाबद्दल रुजू होतानाच विचारा.

निवृत्ती 58 ला. म्हणजे 38 ओलांडून रुजू होणाऱ्याची 20 वर्षं भरतच नाहीत, आणि मान्यतेत गेलेला प्रत्येक महिना त्याला महाग पडतो. अशा उमेदवाराला मी तरी जिल्हा परिषद वर टाकायला सांगेन, गाव आडवळणाचं असलं तरी. पंचविशीतला, घराजवळ शंभर टक्के अनुदानित आणि भरल्या पटाची शाळा मिळत असलेला उमेदवार संस्थेला पहिली पसंती देऊ शकतो. नोकरी कुठलीही लागो, दर तीन महिन्यांनी शालार्थच्या पगारपत्रकातली कपात आणि प्रान खात्यातली (तुमच्या एनपीएस खात्यातली) जमा शेजारी-शेजारी ठेवून जुळवा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.