ट्रायलॅमिनेट की निओप्रीन: थंड पाण्यासाठी ड्रायसूट निवडताना

तारकर्लीत किंवा गोव्यात स्कूबा शिकलेला माणूस नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने ब्रिटनला गेला, की त्याच्यापुढे पहिला प्रश्न पोशाखाचा उभा राहतो. कोकणच्या पाण्यात पातळ वेटसूटवर, म्हणजे पाणी आत शिरू देणाऱ्या रबरी पोशाखावर, सहज भागते. लेस्टरशायरमधील स्टोनी कोव्ह या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत मात्र हिवाळ्यात तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते, आणि पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. जाड वेटसूटने काम भागेल असे वाटते खरे. पण ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, त्याच्या निओप्रीन या फोमसारख्या रबरातले वायूचे बुडबुडे त्या प्रमाणात चेपले जातात, आणि ऊब सर्वाधिक हवी असते नेमकी तिथेच ती कमी पडते. १० अंशांखालच्या पाण्यात नियमित उतरणाऱ्याने ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरूच न देणारा पोशाख, घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न उरतो तो कोणता घ्यावा, हा.

ट्रायलॅमिनेट सूट म्हणजे नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोन थरांमध्ये ब्यूटाइल रबराचा पातळ पडदा बसवून केलेले कापड. ते पाणी अडवते, ऊब देत नाही. ऊब सर्वस्वी आत घातलेल्या अंडरसूटची असते. निओप्रीनच्या ड्रायसूटमध्ये कापडच ऊब देते, त्यामुळे आत पातळ थर पुरतो. यातून पुढचा सगळा फरक निघतो. ट्रायलॅमिनेटमध्ये उन्हाळ्यात हलका आणि हिवाळ्यात जाड अंडरसूट घालून तोच सूट वर्षभर वापरता येतो, आणि कापडाची तरंगशक्ती खोलीनुसार बदलत नसल्याने बुडण्यासाठी बांधायच्या वजनाचा हिशेबही सोपा राहतो. साध्या फोमच्या निओप्रीनमध्ये वेटसूटचाच दोष थोड्याफार प्रमाणात शिल्लक राहतो. वर तरंगवणारा सूट खाली गेल्यावर चेपतो, म्हणून जास्त शिसे बांधावे लागते. कारखान्यातच कायमचे दाबून काढलेले निओप्रीन या बाबतीत बरेच सरस असते.

निओप्रीनची बाजू भक्कम होते ती अपघातात. मान-मनगटावरचे सील (पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्ट्या) फाटून किंवा झिप उघडी राहून सूटमध्ये पाणी शिरले, तर फोम थोडीफार ऊब राखतो. ट्रायलॅमिनेटमधला भिजलेला अंडरसूट त्या मानाने फारच कमी. शिवाय निओप्रीन अंगाबरोबर ताणले जाते, त्यामुळे ते अंगासरशी शिवता येते आणि पोहताना पाण्याचा विरोध कमी होतो. उलट वाळवण्यात आणि दुरुस्तीत ट्रायलॅमिनेटला तोड नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधील स्कापा फ्लो येथे, १९१९ च्या जूनमध्ये जर्मन आरमाराने स्वतःच बुडवलेल्या युद्धनौकांवर सलग आठवडाभर डाइव्ह करायला लोक जातात. गंजलेल्या पत्र्याच्या कडेने तिथे सूट फाटला, तर ट्रायलॅमिनेटची जागा संध्याकाळी वाळवून, ठिगळ लावून दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरता येते. निओप्रीन झिजायला चिवट असले, तरी एकदा गळू लागले की भोक एका जागी आणि ओल दुसऱ्याच जागी दिसते, आणि आतपर्यंत वाळेपर्यंत डिंक धरत नाही. विमानाने प्रवास करणाऱ्याच्या सामानातही जाड निओप्रीन जड पडते. म्हणून पहिला सूट घेणाऱ्याला मी ट्रायलॅमिनेट सुचवतो, मात्र चांगल्या अंडरसूटची किंमत त्यातच धरून. अंडरसूटखाली सुती बनियन घालू नये. घाम धरून ठेवणारे सूत पाण्याखाली बर्फासारखे लागते.

कापडावर तासन्‌तास चर्चा होते आणि सीलवर कोणी बोलत नाही, हे मला नेहमीच उलटे वाटत आले आहे, कारण पाणी बहुधा मनगटातून किंवा मानेतूनच शिरते. लॅटेक्सचे सील मऊ, ताणणारे आणि स्वस्त. पण ऊन, तेल आणि ओझोन यांनी ते चिकट होतात किंवा तडकतात, आणि काही वर्षांत बदलावेच लागतात. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी सिलिकॉनचे सील बरे. ते कडीत बसवलेले असल्याने घरी बदलता येतात, मात्र लहानशी चीर गेली तरी ती पटकन वाढते. निओप्रीनचे सील ऊबदार आणि टिकाऊ असतात, पण मानेचे सील आत दुमडून गुळगुळीत बसवण्याची सवय करून घ्यावी लागते. मनगटाची आतली बाजू नीट पाहावी: मूठ आवळल्यावर कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) ठळक उठत असतील, तर त्यांच्यामध्ये पन्हाळ तयार होते आणि कॅमेरा घट्ट धरला की पाणी सरळ कोपरापर्यंत जाते. अशा हाताला लांब सील घ्यावे.

झिपविषयी थोडक्यात: पाठीवरची धातूची झिप बळकट असते, पण ती लावायला सोबती लागतो, छातीवरून तिरकी जाणारी झिप स्वतःची स्वतः लावता येते. धातूच्या दातांना मेण लागते.

वापरताना खरा वाद आहे तो हवेचा. खाली जाताना सूटमधली हवा आकसते आणि कापड अंगाला चिमटे काढते, म्हणून छातीवरच्या व्हॉल्व्हमधून हवा भरावीच लागते. काही प्रशिक्षक पाण्याखालचा सगळा तोल सूटमधल्या हवेनेच सांभाळायला शिकवतात, म्हणजे एकाच जागची हवा सांभाळायची. दुसरे चिमटा जाईल एवढीच हवा सूटमध्ये घेऊन बाकीचे काम बीसीडीवर (हवा भरून तोल सांभाळणाऱ्या जॅकेटवर) सोपवतात. पाठीवर जड सिलिंडर असणाऱ्यासाठी दुसरी पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते, कारण सूटमध्ये जितकी जास्त हवा, तितकी ती शरीर तिरके होताच पायांकडे धावण्याचा धोका जास्त. पाय वर झालेच, तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारावी, आणि सरळ होताच डावा कोपर उचलून दंडावरच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडावी. हवा भरतानाही बटण थोडे थोडे दाबावे. थंड पाण्यात ते दाबून धरले, तर रेग्युलेटरचा पहिला टप्पा (सिलिंडरवर बसवलेला, हवेचा दाब उतरवणारा भाग) गोठून हवा अनावर वाहू लागण्याची शक्यता वाढते. हे सगळे आधी तलावात, प्रशिक्षकाबरोबर करून पाहावे. आइसलँडमधील सिल्फ्रा या दोन ते चार अंशांच्या भेगेत एकदाच उतरायचे असेल, तर सूट विकत घेण्याचे कारण नाही, तो तिथे भाड्याने मिळतो. पण ड्रायसूटचा अनुभव असल्याचा पुरावा मात्र मागितला जातो.

दुकानात सूट घालून पाहताना सर्वांत जाड अंडरसूट बरोबर न्यावा. तो घालून उकिडवे बसावे, गळ्याचे सील बोटाने किंचित उघडून आतली हवा बाहेर जाऊ द्यावी, आणि मग दोन्ही हात मानेमागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या जागी पोहोचतात का ते पाहावे. खांद्यात ओढ बसत असेल, तर कापड कोणतेही असो, तो सूट परत ठेवावा.