मिशनच्या शाळेत नोकरी सांभाळून एम.ए. एज्युकेशन : वीस महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, मी ख्रिस्ती नाही. पण नगरमधल्या (आता अहिल्यानगर लिहायचं, हात अजून वळत नाही) एका मिशनच्या अनुदानित शाळेत सतरा वर्षं विज्ञान शिकवतेय, तीन वर्षांपासून पर्यवेक्षिका आहे आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ मला अथर्वशीर्षाइतकंच पाठ आहे. आमच्या स्टाफमध्ये निम्म्याहून जास्त माणसं माझ्यासारखीच आहेत. तर अशा शाळेतल्या शिक्षकांनी किंवा पुढे हेड व्हायचं मनात असलेल्यांनी पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का, हे मला बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सुरुवात झाली ती लोभापायी, खोटं कशाला बोलू. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, रिटायर होणार, संस्थेचे सेक्रेटरी सर एकदा सहज म्हणाले, तुम्ही पुढचं काही शिकून ठेवा. मला वाटलं डिग्री केली की खुर्ची आलीच. ॲडमिशन घेऊन झाल्यावर आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी एमईपीएसची (खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या कायद्याची) नियमावली उघडून दाखवली, की माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली दोन वर्षं बी.एड.नंतरची, बास. एम.ए., एम.एड. काही लागत नाही. आणि त्यातही आपली शाळा अल्पसंख्याक, म्हणजे कलम ३(२) लागू, म्हणजे संस्था मुख्याध्यापक आणि नावं कळवून आणखी तीन माणसं या कायद्याच्या बाहेर राहून नेमू शकते, सीनियॉरिटी वगैरे तिथे चालत नाही. सतरा वर्षं त्या शाळेत काढली आणि हे मला भाऊसाहेबांकडून कळलं, फी भरल्यानंतर. त्यामुळे प्रमोशनसाठी करणार असाल तर आधी तुमच्या भाऊसाहेबांना चहा पाजा.

दुसरा गोंधळ नावाचा. एम.एड. आणि एम.ए. एज्युकेशन एक नाही. एम.एड. हा एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) मान्यतेचा कोर्स, २०१५ पासून दोन वर्षांचा झालाय, बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तर तो. एम.ए. एज्युकेशन म्हणजे शिक्षण या विषयातलं एम.ए., मुक्त विद्यापीठातून नोकरी करत करता येतं, मी तेच घेतलं. कुठल्या विद्यापीठातून ते लिहीत नाही कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत. स्पेशलायझेशन शैक्षणिक व्यवस्थापन. फी म्हणाल तर दोन्ही वर्षांची मिळून एका महिन्याच्या पगारात बसली, त्या मानाने स्वस्तच.

आता खरा अनुभव. पहिले चार महिने मी पुस्तकांचं पार्सल फोडलंच नाही. दहावीचा जादा तास, सरकारला द्यायची यू-डायसची माहिती, मधेच इलेक्शन ड्युटी, कोण वाचतंय. मग स्वाध्यायांची तारीख आली तेव्हा धाबं दणाणलं. स्वाध्याय हाताने लिहायचे, त्याला तीस टक्के, परीक्षेला सत्तर. फुलस्केपच्या रिमा संपल्या, माझा आठवीतला मुलगा म्हणायला लागला आई तुला कोणी शिक्षा केलीय का. रविवारी पुण्याला संपर्क वर्ग, तारकपूर स्टँडवरून पहाटेची एसटी धरायची, तिथे पोचल्यावर कधी कळायचं आज सर येणार नाहीत. एका पेपरच्या स्वाध्यायाचे मार्क पोर्टलवर चढायला पाच महिने लागले, मेल केला की उत्तर एकच, प्रक्रियेत आहे. साहित्य सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत. मी बी.एस्सी.ची म्हणून इंग्रजीला बिचकत नाही पण शिक्षणशास्त्राचं इंग्रजी वेगळंच, एक वाक्य तीनदा वाचूनही क्रियापद सापडत नाही.

तरी शिक्षणातल्या विचारवंतांपैकी ड्यूई आवडला, फ्रेरे फारच आवडला, आणि वायगॉट्स्की वाचल्यावर माझी पाठ-निरीक्षणाची पद्धत बदलली हे मात्र नक्की. आधी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसायची, टाचण वही बघायची, शेरा मारायची ‘फलकलेखन सुधारावे’ आणि निघायची. मूल एकट्याने करू शकत नाही पण कुणी हात दिला तर करू शकतं तो पट्टा शोधा, असं तो म्हणतो. मला वाटलं हे शिक्षकालाही लागू आहे की. आता मी तासाच्या आदल्या दिवशी विचारते, कुठला भाग जड जातोय, तेवढंच बघायला येते. पहिल्यांदा सगळे घाबरले, एक सर तर म्हणाले बाई तुमचं एम.ए. झालं की आम्हाला रोज नमुना पाठ द्यावा लागतोय का काय. आता तेच सर मधल्या सुट्टीत स्वतःहून येतात, अपूर्णांक कसे घेऊ विचारायला.

पण कोर्सची मोठी उणीव सांगते. अख्ख्या व्यवस्थापनाच्या पेपरांत शाळा म्हणजे एकतर सरकारी नाहीतर खासगी. आमच्यासारखी, म्हणजे धर्मसंस्थेने काढलेली, सरकारी पगारावर चालणारी, मुलं सगळ्या जातिधर्मांची, अशी शाळा त्यात नाहीच. घटनेचं कलम ३०, म्हणजे अल्पसंख्याकांचा स्वतःच्या शाळा काढून चालवायचा हक्क, एका ओळीत आटपतं. अहो आमचं तर रोजचं जगणं त्याच्यावर. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, आम्हाला लागू आहे का? २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा त्यातून बाहेर काढल्या, अनुदानित असोत की विनाअनुदानित. मग १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) निकाल दिला, ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत पास व्हा, आणि त्याच निकालात प्रमतीबद्दलच शंका काढून अल्पसंख्याकांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये जी चर्चा झाली ती दोन वर्षांच्या संपर्क वर्गांत झाली नाही. हा भाग मला स्वतः शोधून वाचावा लागला, आणि तुम्हालाही लागेल.

इतिहासाचंही तसंच. वुडचा खलिता, म्हणजे कंपनी सरकारचं शिक्षणधोरण, १८५४ चा, एवढं पाठ करायचं. पण त्या खलित्यातूनच अनुदानाची पद्धत आली आणि मिशनच्या शाळांना सरकारी पैसा मिळायला लागला, म्हणजे माझ्या पगाराचं मूळ तिथे आहे, हे कोण सांगणार? अमेरिकन मिशनने नगरला काम सुरू केलं १८३१ ला. सिंथिया फरार बाई मुंबईला उतरल्या १८२७ मध्ये, १८३९ ला नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, ते नगरला येऊन फरारबाईंच्या शाळा बघून गेले, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण फरारबाईंकडेही घेतलं असं सांगतात. आमच्या शहरात घडलं हे! आणि मी परीक्षेत लिहिलं फ्रोबेलच्या किंडरगार्टनवर.

म्हणून दुसऱ्या वर्षी प्रबंधाला विषय घेतला आपल्याच शाळेचा. ‘ख्रिस्ती शाळा म्हणजे काय, असं तिथल्या शिक्षकांना वाटतं.’ गाईडने आधी नाक मुरडलं, मग म्हणाले प्रश्नावली करा, पाच पर्याय, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. केली. चोवीस जणांना वाटली. सगळ्यांनी मधल्या ‘तटस्थ’वर खुणा करून परत दिली, कारण न जाणो संस्थेने बघितलं तर. मग मी एकेकाला गाठून नुसतं बोलत बसले, कधी प्रयोगशाळेत, कधी बाहेर टपरीवर. चोवीसपैकी सतरा जणांनी पहिला शब्द काढला तो ‘शिस्त’. दोघांनी नाताळ. एका मॅडमनी ‘इंग्रजी चांगलं’, आणि आमची शाळा मराठी माध्यमाची!

आणि मग ऑफिसातलं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्याची नोंदवही, काढून बसले. पानं हाताळली की भुगा पडतो, भाऊसाहेब डोक्यावर उभे. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात मोलमजुरी, येसकर, मोलमजुरी, बिगारी, पुन्हा मोलमजुरी. पत्ता बोर्डिंग. शेऱ्याच्या रकान्यात ‘फी माफ’ इतक्या वेळा की पुढे पुढे लिहिणाऱ्याने नुसतं वरच्यासारखं म्हणून दोन रेघा मारल्यात. मी ती पानं फोटो काढून चॅप्टरला जोडली. शिस्तीबद्दल त्या रजिस्टरात एक अक्षर नाही. हे मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा शांतता झाली, मग पीटीचे सर म्हणाले, बाई, तेव्हाच्या पोरांना मोबाईल नव्हते. हसलो सगळे. पण त्यानंतर पाथर्डी-शेवगावची ऊसतोडीची मुलं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर निघतात त्यांचा विषय निघाला, बोर्डिंगमध्ये जागा आहेत का, वॉर्डन कोण, जेवणाचं काय. या वर्षी पाच मुलं थांबली. फार नाही. पण हे एम.ए. केलं नसतं तर ते रजिस्टर मी उघडलं नसतं एवढं खरं.

कोणी करू नये तेही सांगते. ज्यांची मुलं दहावी-बारावीला आहेत त्यांनी दोन वर्षं थांबा. ज्यांना फक्त कारभार शिकायचाय, म्हणजे बजेट, शालार्थ (ऑनलाइन पगारबिलं), संचमान्यता (शिक्षकांची मंजूर पदं), रोस्टर (पदांचं आरक्षण), त्यांनी हा कोर्स घेऊ नका, हे यात नाहीच. आमच्या मोठ्या बाईंनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केलेली, मराठीत आहे, त्या म्हणतात ती जास्त कामाची. आणि संस्थेतल्या फादर, सिस्टर किंवा पाळक मंडळींना एक विनंती, शिक्षकाला पाठवताय तर रविवारची एसटी आणि स्वाध्यायाच्या आठवड्यात दोन प्रॉक्सी तास (गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायचे) तरी माफ करा. मला ते मागून घ्यावे लागले, तेही दुसऱ्या वर्षी.

परत घेईन का? घेईन, पण पार्सल त्याच दिवशी फोडेन आणि प्रबंधाचा विषय पहिल्या वर्षीच ठरवेन.

प्रबंध देऊन अकरा आठवडे झाले. व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख अजून आलेली नाही, पोर्टलवर प्रक्रियेत आहे. खुर्चीचंही तेच.