वायफाय कार्डाचं दुखणं आणि 'बोर्ड रिपेअर'चं बिल

लॅपटॉपचं वायफाय बंद पडलं आणि झाकण न उघडताच दुकानदाराने 'बोर्ड' (म्हणजे मदरबोर्ड, लॅपटॉपची मुख्य सर्किटपट्टी) हा शब्द काढला, तर लॅपटॉप उचला आणि सरळ बाहेर पडा. माझे साडेपाच हजार या शब्दापायी गेले. बरेचसे परत आले, ते कसे तेही सांगते.

मी पुण्यात घरून जीएसटी रिटर्नची कामं करते. ३बी या रिटर्नची २० तारीख तोंडावर आलेली आणि टास्कबारवरून वायफायचं चिन्हच गायब. फोनवर नेट चालू, मुलाच्या टॅबवर चालू, म्हणजे राउटर ठीक. विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर (लॅपटॉपमधल्या भागांची यादी) उघडला तर वायरलेस कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि 'डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही, कोड १०'. ड्रायव्हर काढून परत टाकला, फरक शून्य. फोन यूएसबी केबलने जोडून त्याच्या नेटवर रिटर्न भरली आणि शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप घराजवळच्या एका दुकानात नेला.

"मॅडम, बोर्डावरची वायफायची आयसी शॉर्ट झालीय. चिप लेव्हलचं काम आहे, तीन-चार दिवस मशीनवर ठेवावा लागेल. असाच वापरलात तर पूर्ण बोर्ड जाईल." हे सगळं निदान नुसतं स्क्रीनकडे बघून. वर पासवर्डही लिहून घेतला. (कार्ड जिवंत आहे का, हे पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवूनही कळतं. त्याला तुमचा पासवर्ड लागत नाही.)

बुधवारी फोन आला. वायफाय चालू होतं. बिल ५,५०० रुपये, आणि कागदावर फक्त 'एम/बी रिपेअर', म्हणजे मदरबोर्ड दुरुस्ती. जीएसटी नंबर नव्हता, पण त्याबद्दल माझं म्हणणं नाही. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते. पण काय दुरुस्त केलं, कुठला भाग बदलला, यातलं अक्षरही नाही. विचारलं तर म्हणाला, "ते टेक्निकल असतं मॅडम, तुम्हाला नाही कळणार."

घरी आल्यावर कळायला लागलं. आमचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वेगळी नावं दाखवतो. लॅपटॉपला त्यातलं ५ चं दिसेचना. शिवाय प्रिंटरसाठी मी राउटरमध्ये लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक) नोंदवून त्याला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला होता, तोही लागू होईना. राउटरच्या सेटिंगच्या पानावर माझा लॅपटॉप नवीन उपकरण म्हणून आलेला आणि जुना ॲड्रेस 'ऑफलाइन'.

मॅक ॲड्रेस हा वायफाय कार्डाचा असतो, मदरबोर्डाचा नाही. बोर्ड दुरुस्त करून तेच कार्ड परत बसवलं असतं तर तो बदलला नसता. विंडोजमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेस' चालू असेल तर तो बदलता दिसू शकतो, पण माझ्याकडे ते बंद होतं. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावच वेगळं होतं: आधी इंटेल एएक्स२००, आता रिअलटेक ८७२३डीई. पहिलं वायफाय ६ चं, दोन अँटेनांचं कार्ड. दुसरं फक्त २.४ वर चालणारं, स्वस्तातल्या लॅपटॉपांत असायचं ते.

मग मागचं झाकण मीच उघडलं. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, स्क्रू काढले, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. वायफाय कार्ड ओळखायला अवघड नाही: साधारण ३ सेंटिमीटर लांब, सव्वादोन रुंद पट्टी, एका टोकाला एकच स्क्रू, आणि वर मोहरीएवढ्या गोल कनेक्टरवर टिचकन बसणाऱ्या दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी. माझ्या लॅपटॉपात पांढरी वायर कार्डाला लावलेलीच नव्हती, चिकटपट्टीखाली दाबून ठेवलेली. कार्डावर कुठल्याशा जुन्या यंत्राचं अर्धं फाटलेलं स्टिकर. बोर्डावर डाग देण्याची (सोल्डरिंगची) किंवा त्यासाठी लावतात त्या फ्लक्सची कसलीही खूण नाही.

सगळ्यात भारी पुरावा विंडोजनेच दिला. 'आयएनएफ' फोल्डरमध्ये 'सेटअपएपीआय' नावाची एक लॉग फाइल असते, कुठलं उपकरण कधी बसलं याची त्यात तारीख-वेळेसह नोंद होते. रिअलटेक कार्ड शनिवारीच बसवलेलं होतं, मी दुकानातून निघाल्यावर तासाभराच्या आत. म्हणजे पुढचे सगळे दिवस लॅपटॉप 'मशीनवर' नव्हता, फळीवर होता.

दुसऱ्या दिवशी बिल, राउटरच्या पानाचा फोटो आणि त्या लॉगची प्रिंट घेऊन गेले. आधी "मॅक तर बदलतच राहतो मॅडम" झालं. मग "तुमचं कार्ड जळालं होतं, भंगारात गेलं." मी म्हटलं, "दादा, मग बिलावर कार्ड बदललं असं लिहून सही करा." तेव्हा खणातून माझं कार्ड निघालं. जळाल्याचा मागमूस नाही. आत बसवायला लावण्याऐवजी मी ते घरी आणलं.

बॅटरी सुटलेली असतानाच पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, कार्ड तिरकं सरकवून खाली दाबलं, स्क्रू लावला, दोन्ही वायरी सरळ वरून दाबून बसवल्या. (काढताना त्या आडव्या ओढू नका, कनेक्टर उखडतो.) लॅपटॉप सुरू केला, एएक्स२०० पिवळ्या त्रिकोणाशिवाय हजर. माझा अंदाज असा की कार्ड नुसतं अडकलं होतं आणि वीज पूर्ण तोडल्यावर सुटलं. दुकानदाराला हे पहिल्याच तासात कळलं असणार, आणि चालू एएक्स२०० ला गिऱ्हाईक मिळतंच.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी चार-पाचशे रुपयांचा यूएसबी वायफाय डाँगल लावून बघा. नेट लगेच सुरू होतं, घाई सरते, आणि दुकानदाराच्या 'आजच करा'ला अर्थ उरत नाही. लॅपटॉप द्यायचाच झाला तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'गेटमॅक' टाकून आलेल्या आकड्याचा आणि डिव्हाइस मॅनेजरचा फोटो काढा, पोचपावतीवर कार्डाचं नाव लिहून घ्या आणि 'काढलेला भाग परत देणे' हेही. कार्ड स्वतः घेणार असाल तर एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला सारखीच असतात, पण २०१ फक्त इंटेलच्या ठराविक बोर्डांवर चालतं. एएमडीच्या लॅपटॉपात ते चालणार नाही. काही पातळ लॅपटॉपांत वायफाय बोर्डावरच डाग दिलेलं असतं, तिथे मात्र 'बोर्डाचं काम' खरं असू शकतं. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ते दिसतं.

पैशांचं म्हणाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक दुकानदाराला पाठवला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, हेही कळवलं. संध्याकाळी ५,००० रुपये यूपीआयने आले. पाचशे 'चेकिंग चार्ज' म्हणून कापले. त्यावरून मी वाद घातला नाही, तक्रार मात्र मागे घेतलेली नाही.