कोलाडचं राफ्टिंग: फाटली पण मजा आली
जुलैत ऑफिसच्या ग्रुपबरोबर कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग केलं. धरणाचं पाणी सकाळीच सोडतात म्हणून पुण्याहून पहाटे ३ ला निघालो, झोपेचं पार खोबरं. मला पोहता येत नाही हे घरी सांगितलंच नव्हतं, आईने सोडलंच नसतं. गाईड पोरगा एकदम भारी, प्रत्येकाच्या लाईफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले, आणि पहिल्याच रॅपिडला (खळाळत्या, जोरदार पाण्याच्या टप्प्याला) बोट अशी उभी राहिली की माझं वल्हं सुटलं नि मी शेजारी बसलेल्या मॅनेजरचा गळाच धरला, अप्रेजल गेलं बहुतेक. पुढे शांत पाण्यात उडी मारायला देतात, ती माराच. हेल्मेटला मात्र घामाचा वास, आणि जेवण पॅकेजमध्ये सांगून नंतर वेगळे पैसे मागितले, आधीच विचारून घ्या.